सुगत फुटबॉल क्लब, नवीन जालना

३ ऑक्टोबर १९९९, रविवार

जिंकलो! तीन-दोन! परतूरच्या पोरांना पार घाम फोडला. शेवटी शेवटी तर सगळं मैदान एकच ओरडून राह्यलं होतं — सुगत! सुगत! सुगत! माझा घसाच बसला. उद्या वर्गात पोरं हसतील, बाईंचा बेडूक झाला म्हणून. हसू द्या.

माझ्या पोराचं नाव आहे ते. सतराव्या वर्षी काविळीनं गेला. अनवाणी खेळायचा, बूट घेऊन दिले तरी काढून ठेवायचा. त्याच्या दोस्तांनी क्लब काढला अन् त्याचं नाव दिलं — रामकिसन सगळ्यात पुढं. आता नात्यागोत्यात ते नाव कुणी तोंडातून काढत न्हाई. मी रडेन म्हणून पाव्हणे मुद्दाम टाळतात. फक्त रविवारी, मैदानावर, दोन-दोनशे माणसं घसा फोडून घेतात. तेवढ्यासाठी मी आठवडा काढते. खरंच काढते.

अन् हे? क्लबचे अध्यक्ष! मॅच ऐन रंगात आली की उठले अन् चालले टपरीवर चहाला. गाढवाला गुळाची चव काय!

७ ऑक्टोबर

धर्मराज आल्ता घरी. बियाण्याच्या कंपनीवाल्यांचा पोरगा, स्टेशनकडं मोठं ऑफिस आहे त्यांचं. विलायतेत शिकून आला. बाई बाई करतो, पण डोळे व्यापाऱ्याचे. परभणीचा क्लब घेतला म्हणे, निजामाबादचा घेतला, आता पार नेपाळातला — नेपाळगंजचा. जिथं जिथं बियाणं जातं तिथं तिथं क्लब. "बाई, तिकडं एकेका मालकाचे चार-चार देशांत क्लब असतात. खेळाडू इकडचा तिकडं, तिकडचा इकडं. सगळं एकाच घरचं."

"मंग आमचं काय करणार?" म्हटलं.

बूट, जर्सी, शिकवायला माणूस. सहा पोरांना गोदामात कायमची नोकरी. अन् सगळ्या क्लबांचं नाव एकच — भरघोस! त्यांच्या कपाशीच्या बियाण्याचं नाव. भरघोस परभणी, भरघोस निजामाबाद, भरघोस नेपाळगंज. आता भरघोस जालना.

मी उठले अन् कप उचलले. त्याचा चहा अर्धा राहिला होता. राहू दे.

हे दारापर्यंत सोडायला गेले त्याला!

८ ऑक्टोबर

नाव जाऊ देणार न्हाई. बाकी काय न्यायचं ते न्या म्हणावं.

१७ ऑक्टोबर, रविवार

मॅचनंतर कमिटी बसली, आमच्याच शाळेच्या वर्गात. सात जण. धर्मराज नव्हता, त्याचा कागद होता.

मी सरळ सांगितलं — नोकऱ्या घ्या, बूट घ्या, पोरांचं बिलकुल वाईट करू नका. फक्त नाव ठेवा. तेवढी एक अट घाला. त्याला गरज असेल तर तो कबूल करेल.

"अन् न्हाई केलं तर, मावशी?" रामकिसन म्हणाला. "पोरं बावीस-तेवीस वर्षांची झाली. लग्नं अडून राह्यली त्यांची."

ते खरंच होतं. मला राग आला तरी खरं ते खरं. नाव बदलायला कोण तयार म्हणून विचारलं तर तीन हात वर. रामकिसनचा न्हाई, त्यानं मान खाली घातली. मला वाटलं वाचलो! तेवढ्यात चौथा हात वर झाला. माझ्याच शेजारचा. यांचा!

"बदला नाव," म्हणाले. कसं? भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं.

१८ ऑक्टोबर

भाकरी वाढली. ताट यांच्यापुढं सरकवलं अन् मी आत गेले.

२० ऑक्टोबर

शेवटी आज विचारलं. "का हो? का केलं असं?"

"पोरांचं भलं होईल." एवढंच बोलले अन् सायकल पुसायला बसले. एसटीत गाडी चालवून चालवून काळीजसुद्धा लोखंडाचं झालं का या माणसाचं?

पोरगा गेला तेव्हा दवाखान्यात हेच होते त्याच्याजवळ. मी मंठ्याला, निवडणुकीच्या ड्युटीवर. निरोप मिळून गाडीनं येईपर्यंत सगळं झाल्तं. किती वेळा विचारलं यांना — पाणी मागितलं का, माझी आठवण काढली का, काही तरी बोलला असेल की! "झोपेतच गेला," म्हणतात अन् उठून जातात. दर वेळेस तेच. आता मी विचारायचंच सोडलं.

आज पोटभर रडले. मोरीत नळ सोडून.

२३ नोव्हेंबर

आपला गोलकीपर शकील नेपाळगंजला चालला. त्याला कुणी विचारलं न्हाई, नुसतं कळवलं. बाजारातला बैल बरा, त्याचे दात तरी बघतात.

त्याची अम्मी शाळेत आली. "बाई, किधर है ये गाव? रेल जाती क्या उधर?" भिंतीवरच्या नकाशात शोधून दाखवलं. बिचारी बोट ठेवून उभीच राहिली. जालन्यावर एक बोट, तिथं एक. "इतना दूर," म्हणाली. मी खुर्ची दिली तर बसली न्हाई.

पोराला काढून नेलं तरी तिचा पोरगा पत्र तरी टाकेल. असं मनात आलं अन् माझीच मला लाज वाटली.

२८ नोव्हेंबर, रविवार

नव्या नावानं पहिली मॅच. हिरव्याकंच जर्सी, छातीवर कपाशीचं बोंड. चार-शून्यनं हरलो! नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा.

कंपनीनं गोदामातली माणसं आणून बसवली होती. ती ओरडायची — भरघोस! भरघोस! लोक फिदीफिदी हसायचे. एक म्हातारा सवयीनं "चल सुगत" म्हणून ओरडला. शेजारच्यानं त्याला कोपर मारलं. मी आपली जागा सोडली अन् त्या म्हाताऱ्याजवळ जाऊन बसले. पण पुन्हा काही तो ओरडला न्हाई.

हे मात्र आज पहिल्यांदा शेवटपर्यंत बसले. शेंगा खात! इतकी वर्षं संसार केला, असा माणूस आहे हे मला माहीत नव्हतं.

४ डिसेंबर, शनिवार

शाळा सुटल्यावर तडक धर्मराजच्या ऑफिसात गेल्ते. ठरवलंच होतं, पाया पडायची वेळ आली तरी पडायचं. नावाचं बघा म्हटलं. मोठं नको, छातीवर नको, बाहीवर बारकं लिहा.

तो माझ्याकडं बघतच राहिला. "बाई, तुम्हाला घरी काही बोलले न्हाईत का?"

तुम्ही कप उचलले तेव्हाच मी समजलो, म्हणाला. वडिलांना विचारलं. एकट्या जालन्याचं नाव राहू द्यायचं ठरलं होतं. तसा कागदसुद्धा टाइप केल्ता. मंग कमिटी बसायच्या आधी काका, म्हणजे आमचे हे, स्वतः इथं आले. ह्याच खुर्चीवर बसले. म्हणाले, "नाव राहणार असेल तर क्लब देत न्हाई. नाव काढा, मी हात वर करतो."

मी रिक्षासुद्धा केली न्हाई. चालत आले. अंगाची नुसती आग आग होऊन राह्यली.

५ डिसेंबर, रविवार

आज दार अडवून उभी राहिले. बोला म्हटलं, न्हाईतर मी चालले माहेरी, पिंपळगावला, कायमची.

बोलले.

"झोपेत न्हाई गेला तो. फटफटल्यापासून हाका मारून राह्यलो होतो मी. सुगत, सुगत. नर्स म्हणली, आता बस करा. एकदा ओ दिली न्हाई त्यानं. अगं, मंग दर रविवारी अख्खं मैदान हाका मारायचं. तरी ओ द्यायचा न्हाई."