नावाची जागा

३ फेब्रुवारी, मुलुंड

लोकगीतांच्या संग्रहात आज पहिला दिवस. सत्तरीत नवी नोकरी, तीही कवितेची! पगार नाही, पण चहा झकास. एका खोलीत जुन्या घराण्यांचे कागद, दुसरीत कॅसेटी. शाळेत बाई कविता चालीवर म्हणून घ्यायच्या, ते दिवस आठवले.

संग्रह सांभाळणारी अपूर्वा लेकीच्या वयाची. आल्याआल्याच म्हणाली, सहदेवकाका, ऐकू येईल तेवढंच उतरवायचं. अर्धी ओवी असेल तर अर्धीच. आपण कवी नाही.

घरी नातीला, गंधालीला सांगितलं, तर म्हणते, म्हणजे आजोबा, तुमचं दळण आता ऑफिसात! लबाड.

५ फेब्रुवारी

मालनबाईंच्या कॅसेटी मिळाल्या. बाई कोकणातल्या, नवरा गिरणीत, संसार घाटकोपरला. जात्याची घरघर आणि वर तो जरासा फाटलेला, गोड आवाज. शेवटची ओवी अशी:

सांज दळता दळता कोण एकली निघाली
उंबऱ्याशी थांब बाई, माझी लाडकी ...

पुढे नुसती घरघर. यमक तर समोर हात जोडून उभं! राहवेना. पेन्सिलीने ‘गंधाली’ लिहिलं, चालीवर म्हणूनही पाहिलं. काय चपखल बसलं!

६ फेब्रुवारी

गंधाली विचारत होती, शेजाऱ्यांनी घरघंटी आणली का? सारखी घरघर येते ना. मला तर काही ऐकू आलं नाही.

अपूर्वा पेन्सिलीवरून रागावली. खोडलं.

७ फेब्रुवारी

कॅसेट पुन्हा लावली. जागा मोकळी नाही. मालनबाई स्पष्ट म्हणतात, गंधाली. अपूर्वानेही ऐकलं.

तिने मालनबाईंच्या सुनेला, सुनंदाबाईंना फोन केला. त्या रडायलाच लागल्या. सासूबाई ओवीत ज्याचं नाव घालायच्या, तो माणूस पुढच्या दळणापर्यंत राहायचा नाही. दोन लेकरं गेली, तेव्हापासून त्या नावाची जागा मोकळी सोडायच्या. आता नाव भरलं कोणी, असं त्यांनी विचारलं.

अपूर्वाने माझ्याकडे पाहिलं.

८ फेब्रुवारी

गंधाली जेवत नाही. डॉक्टर म्हणतात, थकवा. तिचे तळवे पांढरे — पुसले, पुन्हा पांढरे. पीठ आहे. नाचणीचं नव्हे, तांदळाचंही नव्हे.

संध्याकाळी उंबऱ्याशी उभी होती. कोणीतरी बाई बोलावतेय म्हणे. कडी लावली. ती हात सोडवत होती — माझी पोर, माझाच हात —

९ फेब्रुवारी

कडी राहत नाही. लावतो, उघडते. गंधालीचा एक पाय बाहेर —

खोडून नाव गेलं नाही. मग दुसरं घालू. यमक जुळायला हवं, चाल तीच हवी. म्हणतोय —

घरघर आता माझ्या कानात. आतून गंधालीची हाक, आजोबा, आवाज थांबला हो, भूक लागलीय — बरं झालं. बोटं पांढरी — पेन्सिल निसटते — नाव तेवढं राहिलंय —

जाऊ दे कळीला घरात, तिला जपून ठेव
तिच्या बदली आला ग तिचा आजा सह