अंड्यांवर बसलेला डावा विंगर

मेर्सेगेम, बुधवार दुपार

ती. ओमेरआजोबांना बावोचा वाकून नमस्कार. (खरंच वाकून. कॅन्टीनमधली टेबलं रविवारच्या मांडवासाठी बाहेर नेलीत, म्हणून बिअरच्या क्रेटवर कागद ठेवून लिहितोय.) तुमचा गुडघा कसा आहे? समुद्राची हवा मानवते का? तिथे जेवणात अजून रोज कुस्करलेला बटाटाच देतात का? आईने विचारलंय की लोकरीचे मोजे पोचले का, आणि पोचले असतील तर ते पायात आहेत की खालच्या मजल्यावरच्या नोटरीसाहेबांशी पत्ते खेळताना हरलात. इकडे सगळे खुशाल. मी पण खुशाल आहे, म्हणजे अजून कोणी पकडून मारलेलं नाही.

आता क्लबचं. रविवारी आपल्या ‘पाकोळी’चं आणि शेजारच्या झांडहूकच्या क्लबचं लग्न लागतंय, हे तुमच्या कानावर आलंच असेल. इलाज नव्हता. आपल्याकडे नऊ पोरं उरलीत, त्यांच्याकडे आठ, आणि त्यातले दोघे गोलकीपर. पण फुटबॉल फेडरेशनच्या वहीत लग्नानंतर दोन्ही क्लबांचा मिळून एकच नोंदणी नंबर राहतो, दुसऱ्यावर कायमची काट. आपला दोनशे सत्त्याऐंशी, त्यांचा दोनशे एकोणनव्वद. दोन्ही कमिट्यांनी ठरवलं की ज्याचा क्लब कागदोपत्री जुना, त्याचा नंबर आणि त्याचंच नाव राहील. आपल्या बिल्ल्यावर पाकोळीखाली १९०९ आहे, त्यांच्या बिल्ल्यावर १९१९. म्हणजे काम फत्ते, असं समजून फिर्मिनअध्यक्षांनी पाठीवर २८७ छापलेले शर्टसुद्धा मागवले (सगळे स्वतःच्या मापाचे, आमचा गोलकीपर त्यात झोपू शकतो).

यात मी कुठून आलो? तर एका छोट्याशा गमतीतून. बोलणी सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात मी एक काळ्या काठाची निधनपत्रिका छापली आणि झांडहूकच्या बेकरीत, जिथे सगळ्यांच्या लावतात तिथेच, नीट पिना मारून लावली. सलग चार वर्षं खालच्या गटात घसरत जाण्याच्या दीर्घ आजाराने झांडहूक क्लब कालवश झाला, अंत्यविधीनंतर मैदानावरच कॉफी आणि हॅम-पाव, असा साधाच मजकूर होता. मला वाटलं लोक हसतील. पण त्या गावचे लोक पत्रिकेत फक्त वेळ आणि खाणं वाचतात. शनिवारी सतरा माणसं काळे कपडे घालून मैदानावर हजर, एक बाई तर पांढरी शेवंती घेऊन. पाद्रीबाबांचा फोन आला की मयताचं वय काय. हॅम-पाव नव्हता म्हणून त्यांच्या कॅन्टीनवाल्याला सतरा जणांना फ्राईज तळून द्यावे लागले, आणि (हे मी ऐकलंय हं, पाहिलं नाही) शेवंतीवाल्या बाईंनी मेयोनीज कमी पडल्याची तक्रार केली.

फिर्मिनअध्यक्षांनी मला बोलावलं. म्हणाले, ‘तुला लिहायची एवढी हौस आहे ना, मग रविवारच्या समारंभासाठी क्लबचा इतिहास लिही. चाळीस पानं. आणि त्यात कोणी मरता कामा नये.’ शंभराहून जास्त वर्षांच्या इतिहासात कोणीच मरायचं नाही म्हणजे कसं, ते काही सांगितलं नाही.

तर आजोबा, मी काय केलं, तुमचं ८४ सालचं अमृतमहोत्सवी पुस्तक घेतलं. म्हटलं यातूनच उतरवून काढू, शाळेत तेच केलंय. काय पुस्तक लिहिलंय तुम्ही. त्यातलं छोटा सिरिएलचं प्रकरण तर मला लहानपणापासून पाठ आहे: आपला अमर डावा विंगर, ज्याच्या नावाने आपला स्टँड आहे, जो पार फ्रान्समधल्या ऑर्लेआँला जाऊन पहिला आला, ज्याला शेवटी अँटवर्पच्या एका सद्गृहस्थाने नव्वद फ्रँकला नेला आणि अख्खा मेर्सेगेम रडला. पण चाळीस पानं भरेनात. म्हणून फ्राईजच्या कढईखालच्या कपाटातून ती मूळ वही काढली, १९०९ ची, जिचं पहिलं पान फ्रेम करून दारूच्या काउंटरमागे लावलंय आणि बाकीची कोणी उघडत नाही, कारण अक्षर कोंबडीच्या पायाचं. मला ते अक्षर लगेच लागलं. माझं तसंच आहे.

तेराव्या पानावर लिहिलंय, आणि मी शब्दाला शब्द सांगतो: छोटा सिरिएल दोन आठवडे स्पर्धेला नाही, अंड्यांवर बसला आहे.

मी तीन वेळा वाचलं. मग क्रेटवर बसलो. मग पुढे वाचत गेलो. आजोबा, १९०९ ची ‘पाकोळी’ ही कबुतरं उडवणाऱ्यांची मंडळी होती. ऑर्लेआँला कोणी खेळायला गेलं नव्हतं, तिथून शर्यतीची कबुतरं सोडली होती. फुटबॉल येतो एकसष्टाव्या पानावर, जून १९२४ मध्ये: हवा खराब, कबुतरं येईनात, वेळ जाईना म्हणून कॅफेच्या मागे चेंडूला लाथा मारल्या, बरं वाटलं, पुढच्या रविवारीही मारू. बस. ही आपली स्थापना. पहिली मॅच आपण अकरा-शून्य हरलो, कारण दुसऱ्या हाफमध्ये कबुतरं दिसली आणि आपली अख्खी टीम खुराड्यांकडे पळाली. राजाने पन्नास वर्षं झाली म्हणून ‘रॉयल’ किताब दिला तोही कबुतरांच्या वाढदिवसाला, पण ते तुमच्या आधीचं आहे, ते तुमच्या डोक्यावर नाही घालत.

तुमच्या डोक्यावर एवढंच घालतो. नव्वद फ्रँकला विकल्याचं तुम्ही पुस्तकात लिहिलंय. ते वहीत चौदाव्या पानावर आहे. मी फार शिकलेला नाही, पण तेरावं पान न उलटता चौदावं कसं वाचायचं हे मला कोणी शिकवलेलं नाही. म्हणजे चाळीस वर्षं तुम्ही दर सीझनच्या पहिल्या मॅचला स्टँडसमोर टोपी काढून एका कबुतराला सलाम ठोकत होतात, आणि तुम्हाला माहीत होतं. माझ्या मनात तुमची इज्जत एकदम वाढली. मी सतरा लोकांना फसवलं तर मला शिक्षा. तुम्ही अख्खं गाव फसवलंत तर मानद अध्यक्ष.

फिर्मिनअध्यक्षांना दाखवलं तर ते आधी पांढरे पडले, मग त्यांनी विचारलं की अजून कोणाला माहीत आहे. मी म्हटलं, मला आणि सिरिएलला. त्यांना हसू आलं नाही. त्यात झांडहूकच्या सेक्रेटरी मंगळवारी वही तपासायला येणार होत्या, आणि सेक्रेटरी म्हणजे रेनिल्डाबाई, ज्यांनी मला चौथीत दोन वर्षं बसवलं. १९२४ निघालं की दोनशे सत्त्याऐंशी गेला. मग मी सोमवारी तेराव्या पानावर बिअरमध्ये शिजवलेल्या मटणाचा रस्सा सांडला. (चुकून. दोनदा.) पानं मस्त चिकटली. बाई आल्या, चष्मा लावला, पान हुंगलं, म्हणाल्या, ‘बावो, किटली चढव.’ मला वाटलं कॉफी हवी. त्यांनी वाफेवर धरून पान असं सोडवलं, जसं लहानपणी माझ्या खोट्या सहीचं प्रगतिपुस्तक सोडवायच्या.

वाचलं. मग एकसष्टावंही वाचलं. फिर्मिनअध्यक्ष काउंटर पुसत होते, तोच तो एक हात लांब तुकडा. आणि आजोबा, बाई हसल्या. अकरा वर्षांत मी त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले. म्हणाल्या, ‘आमच्याकडे १९१९ चा कागदच नाही, नुसतं आमच्या आजोबांचं तोंड आहे. आणि कबुतरांची वाट बघता बघता क्लब निघाला, यापेक्षा चांगली सुरुवात कोणाची असेल असं वाटत नाही.’ त्यांची कमिटी त्या म्हणतील तिथे बोट वर करते, तेव्हा नंबर अजून गेलेला नाही. फक्त त्यांनी एक अट घातली आहे. किरकोळ आहे. कागद संपत आला, खाली कुठेतरी लिहितो.

बाकी सगळं ठीक. औषधं वेळेवर घ्या, नर्सबाईंना त्रास देऊ नका, आणि नोटरीसाहेबांशी मोज्यांवर खेळू नका.

तुमचाच वांड नातू,
बावो

ता. क. अट अशी: ज्याने ते पुस्तक लिहिलं त्याने रविवारी मैदानाच्या मधोमध उभं राहून दोन्ही गावांसमोर तेरावं पान मोठ्याने वाचायचं. मग त्यांची सगळी मतं दोनशे सत्त्याऐंशीला. नाही आलात तर सोमवारी आपल्या नंबरावर काट. फिर्मिनअध्यक्षांची व्हॅन आठ वाजता दारात येईल. गुडघ्याचं कारण सांगू नका, मी फोन केला होता. नर्सबाई म्हणाल्या तुम्ही रोज सायकलने बंधाऱ्यापर्यंत जाता.

ता. क. २. तुम्ही नाही म्हणाल या भीतीने मी काल रात्रीच तुमच्या वतीने बाईंच्या पेटीत होकाराचं पत्र टाकलं. सही तुमच्या पुस्तकातून उतरवली, छान आलीय. पत्र जरा कोरडं वाटलं म्हणून शेवटी एक ओळ घातली की, रेनिल्डा, जे झालं त्याबद्दल मला माफ कर. काय झालं ते मला माहीत नाही, नुसतं शोभतं म्हणून लिहिलं. आज सकाळी ते पत्र परत आलं. बाईंनी लाल शाईने माझ्या अकरा चुका दुरुस्त केल्यात आणि वर लिहिलंय, रविवारी दहा. त्या शेवटच्या ओळीतही दोन चुका होत्या, आजोबा. त्यांना मात्र बाईंनी हात लावलेला नाही.