वेढ्यांची चाल

गुरुवार, २० जून. दिवेलागण.

चौथीचा आमचा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा आणि ओळ संपली की गुरुजींची पट्टी टेबलावर हलकेच वाजायची. टक्. तोच ताल आज ओसरीतून ऐकू आला. कविता नव्हेच! नात रेणू पंख्याच्या जळक्या मोटारीला तांब्याची तार गुंडाळत होती, वेढे मोजत होती, चक्क चालीत. दर दहाव्या वेढ्याला गुडघ्यावर बोट. टक्.

"काहून वं, कविता म्हनून राह्यली का?" मी विचारलं.

"आबा! मंधात बोललं की मोजनी चुकते. आता पुन्हा पयल्यापासून!"

दारव्हा गावातल्या पंखे दुरुस्तीच्या दुकानात बघून शिकली म्हणे. आयटीआयत याच्यापुढे काय शिकवत असतील? मलाच मागच्या बाकावर जाऊन बसावंसं वाटतं. तिला यवतमाळच्या आयटीआयत जायचंय आणि प्रवेशाचा उद्या शेवटचा दिवस. तिचा बाप, आमचा विलास, अडून बसलाय. "पोरीच्या जातीनं तारा गुंडाळाच्या का? बारावी करन, मंग बीए." आणि असं म्हणून गेला उमरखेडला, परवापर्यंत. फोन करावा का? पण माझं कधी ऐकलंय त्यानं!

एवढ्यात दार करकरलं. पाहतो तर विलासच, परवाचा आजच परतलेला. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, तोच रेणूचं बोट गुडघ्यावर वाजलं. टक्. तिनं वर पाहिलंच नाही. विलास थबकला. त्यानं चपला काढून हातात घेतल्या आणि तिची मोजणी संपेपर्यंत उंबऱ्यातच उभा राहिला.