चंपी कुठं जाणार न्हाय

आबा,

चंपीच्या पायाचे टाके काढायला तिला दवाखान्यात नेतेय. काल तुम्ही म्हणालासा, "असलं भटकं कुत्रं घरात नको, मुरगूडहून लॅब्रॅडॉरचं चांगलं पिल्लू आणू." तिथल्या पिल्लं विकणाऱ्या माणसाकडं मी जाऊन आले. माणूस सरळ हाय, पिल्लाची आईबी दाखवली. पण त्याच्या पिल्लाला कुणीबी घर देईल. हिला बावड्यात उसाच्या ट्रॉलीनं उडवलं, तवा मी एकटीच थांबले. आता तिला सोडणार न्हाय.

लोक काय म्हणतील ते मला सांगू नका. सासर सोडून मी आले तवाबी लोक बोललेच की. तरी तुम्ही मला घरात घेतलंसा.

भात झाकून ठेवलाय. सांजच्याला आम्ही दोघी येतोय. आतनं कडी लावू नका.

संयोगिता