पहिल्या शोला नेलेलं दूध

वर्धा,
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय सुमीत,
अनेक आशीर्वाद.

दर रविवारी फोनवर बोलत असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर मी काही सांगायला गेले की तुरीच्या शेंगांवर घसरते, म्हणून कागद घेतला.

इकडे सगळे बरे आहेत. आईने तू पाठवलेली साडी आंजीत गावभर दाखवली. रंग जरा भडक आहे, पण तिला आवडली. बाबांचा गुडघा आहे तसाच आहे.

शुक्रवारी तुझ्या हिरोचा सिनेमा लागला. पहिल्या शोला मी गेले होते. हसू नकोस, सोबत बाबाही होते.

हो, आपलेच बाबा. बत्तीस वर्षं शाळेत पोरांना 'सिनेमा म्हणजे तीन तासांची गाढवगिरी' असं सांगणारे. सकाळी साडेसातला मफलर बांधून, दुधाची किटली घेऊन माझ्या दारात उभे. "चाल, नऊचा शो हाय. तिकिटं स्वप्निलनं काढून ठेवली." स्वप्निलचं नाव वाचून तुझं डोकं फिरेल, ठाऊक आहे. तरी पुढे वाच. मी ऑफिसात अर्धी रजा टाकली.

थिएटरसमोर जत्रा भरली होती. दोन मजली कटआउट, त्याला हार चढवायला बांबूवर चढलेली पोरं, डफडी, फटाके. सिंदी गावची मंडळी ट्रॉली भरून आली होती. एकाने हिरोचं नाव डोक्यावरच्या केसांत कोरून घेतलं होतं. यंदा स्वप्निलच्या फॅन क्लबने नवीनच टूम काढली होती. प्रत्येकाला पुठ्ठ्याचा मुखवटा दिला, हिरोच्या तोंडाचा. दोनशे पोरं आणि चेहरा एकच. मी कारकून बाई, माझ्या मनात आलं, यांची हजेरी कशी लावायची?

कटआउटला दुधाचा अभिषेक सुरू झाला, तशी बाबांनी किटली पुढे केली. स्वप्निलने झाकण काढलं तर आतून वाफ.

"अण्णाजी, हे तं तापवलेलं हाय! अभिषेकाले कच्चं दूध लागते. साखर बी टाकली काय?"

सगळे खो खो हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर पूजाअर्चा केलेल्या माणसाला एवढंही कळू नये?

"मंग पिऊन टाका," बाबा म्हणाले. "थंडी हाय."

चहावाल्याकडून कागदी कप घेऊन ते एकेकाला दूध वाटू लागले. प्यायचं तर मुखवटा वर करावाच लागतो. बाबा कप देत, चेहरा बघत, पुढे सरकत. उंच, खांदे पाडून उभा असलेला पोरगा दिसला की त्याच्याकडे दोनदा जात. किटली रिकामी झाली तेव्हा त्यांनी चहावाल्याचं दूधही घेतलं.

वीस-पंचवीस कप झाल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. मी त्यांना बाजूला घेतलं. "बाबा, सुमीत पुण्याले हाय."

"पह्यला शो तो वर्धेतच पाह्यते. नागपूरले होता तवा तापात आलता. स्वप्निलनं मुखवट्याचं काल सांगतलं मले. तोंड झाकून आला असन तं कसा दिसन?"

आत हिरो पडद्यावर आला, शिट्ट्या, कागदाचे तुकडे, खुर्च्यांवर नाच. बाबा मात्र पडद्याकडे पाठ करून पोरांकडे बघत होते. मध्यंतरात ते दारात उभे राहिले, आणि मग म्हणाले, चाल.

ते दार तुझ्या लक्षात असेलच. तीन वर्षांपूर्वी, तुझी परीक्षा नागपूरला आणि तू थिएटरात. मध्यंतरात बाबांनी तुला तिथेच गाठलं आणि सगळ्यांदेखत थोबाडीत मारली. त्याच संध्याकाळी तू घर सोडलंस. चुगली स्वप्निलने केली असं समजून तू त्याच्याशी बोलणं टाकलंस. दर रविवारी तू त्याला शिव्या देतोस आणि मी ऐकून घेते.

स्वप्निलने काही सांगितलं नव्हतं. मी ऑफिसला जाताना तुला बांबूवर चढलेला पाहिलं आणि बाबांना फोन लावला. मध्यंतरात दारातच सापडेल, हेही मीच सुचवलं. रागावतील, एवढंच वाटलं होतं. रस्त्यापलीकडे थांबून मी सगळं पाहिलं आणि तशीच उशिरा ऑफिसला गेले. मला त्याची फार लाज वाटते.

शुक्रवारी बसस्टँडवर बाबांना म्हटलं, आता त्याले सांगून टाकतो.

"काऊन?" ते म्हणाले. "माह्यावर राग हाय तेवढा पुरे. बहीण तरी राहू दे त्याले."

तीन वर्षं ते माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी गप्प होते. पोटच्या पोराचा आवाज न ऐकता. मला हे आता सोसत नाही, म्हणून त्यांचं न ऐकता लिहिते आहे.

आज संध्याकाळी तुझा फोन येईल. पत्र पोहोचलेलं नसेल, मी नेहमीसारखीच बोलेन. पुढच्या रविवारी मला नाही केलास तरी माझी तक्रार नाही. पण तो एक फोन आंजीला कर. तिथे बाबाच उचलतात.

तुला घरापासून तोडणारी, तरीही तुझीच
काजलताई