पाय आले, आवाज गेला

प्रिय धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशील, तुझी कंबर तुझ्या ताब्यात असेल आणि तुझे यजमान अजून घोरत असतील (म्हणजे तेही खुशाल), असं धरून चालते. मी मजेत आहे. पत्र पाहून दचकू नकोस. परवा फोनवर ज्या गृहस्थांना तू "काका, जरा ताईला बोलावता का?" म्हणालीस, आणि त्यांनी "अगं, मीच ताई" म्हटल्यावर "लाज नाही वाटत या वयात?" म्हणून फोन आपटलास, ते गृहस्थ म्हणजे मी. तुझं काही चुकलं नाही. हल्ली बोलले की कोण बोललं म्हणून मलाच मागे वळून बघावंसं वाटतं. म्हणून लिहिते आहे. अक्षर अजून बायकी आहे.

स्टुलावरून पडले हे तुला ठाऊक आहेच. तुझ्या भावोजींच्या खोलीतला दिवा बदलत होते. त्यांना दिसत नाही हे खरं, पण अंधारात माणूस एकटं बसलेलं मला बघवत नाही. खुब्याचं हाड मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी सळई घालून ते झकास जोडलं, पण पायांत काही जीव येईना. पडून पडून मांड्या इतक्या झडल्या होत्या की व्यायाम करवून घेणारी मुलगी मला उभी करायची आणि मी तिच्या गळ्यात पडून परत बसायची (एवढ्या गळाभेटी माझ्या लग्नातसुद्धा झाल्या नव्हत्या). शेवटी डॉक्टर म्हणाले, स्नायू भरून यायला अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडची इंजेक्शनं देऊन पाहू. व्यायामशाळेतली पोरं दंड फुगवायला चोरून घेतात त्याच जातीचं औषध, पण तुमच्यासारख्या खंगलेल्या पेशंटला आम्ही बेताने, तपासण्या करत देतो. मी विचारलं, "म्हणजे घरी जाताना मी हा पलंग खांद्यावर टाकून नेणार का?" ते हसले नाहीत. म्हणाले, "आजी, आवाज जाड वाटला किंवा ओठावर लव आली, तर त्याच दिवशी सांगायचं. औषध थांबवावं लागेल. आवाज एकदा उतरला की परत येईलच असं नाही."

औषध लागू पडलं गं. वॉकर धरून खिडकीपर्यंत गेले, मग जिन्यापर्यंत. त्याच सुमारास घसा बसला. थंडीने असेल म्हणून मिठाच्या गुळण्या केल्या. मग आरशात ओठावरची लव दिसली, आणि ती काही थंडीने येत नाही. मला कळलं होतं. पण घरी आमचे चिरंजीव रजा काढून वडिलांना आंघोळ घालत होते आणि वडील त्याच्या हातून निसटून न्हाणीघरात आपटले होते. आणखी थोडी ताकद आली तर मला ह्यांना धरून उठवता येईल, एवढंच डोक्यात. डॉक्टर फेरीला आले की मी नुसती मान हलवायची (इतकी गप्प मी जन्मात बसले नव्हते). एकदा त्यांनी मागून येऊन खांद्यावर हात ठेवला आणि मी दचकून ओरडले, "कोण आहे?" त्यांच्या हातातलं पेन खाली पडलं. इंजेक्शनं त्याच दिवशी बंद. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

घरी आले. दारातून म्हटलं, "अहो, आले मी." ह्यांनी घाईघाईने शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "या, बसा. सध्या घरात बाईमाणूस नाही, तेव्हा चहाचं काही खरं नाही." चिरंजीवांनी सगळं समजावलं. ह्यांनी माझा चेहरा चाचपला, कपाळ, नाक, गाल. चेहरा उजळत चालला होता. मग बोटं ओठावर आली आणि थांबली. "बरं, बरं," म्हणाले, आणि हात मांडीवर घेऊन बसले. त्यांना हल्ली सकाळचं दुपारी आठवत नाही, त्यामुळे समजावलेलंही उरत नाही. मी त्यांना उचलते, न्हाऊ घालते, ते मला 'मामा' म्हणतात. हॉस्पिटलातून पाठवलेला माणूस समजतात. "तुमच्या हाताला जोर आहे हो मामा," असं कौतुकही करतात. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्या गोष्टीचं केलं नव्हतं.

रेडिओ लावू देत नाहीत. ती येईल तेव्हा ऐकू यायला हवं, म्हणतात.

काल नखं कापत होते, तर अगदी हळू म्हणाले, "मामा, खरं सांगा. ती गेली ना?" मी म्हटलं, "नाही हो, छान आहे." तर हसले. "भले गृहस्थ आहात. पण मला कळलंय हे मुलाला सांगू नका. तो माझ्यासाठी एवढं लपवतोय, त्याला वाईट वाटेल." मग दुसरा हात पुढे केला. मी त्याचीही नखं कापली.

बाकी सर्व ठीक. चालते उत्तम. डॉक्टर खूश आहेत. तुझ्याकडे मुलाबाळांना आशीर्वाद.

तुझी,
ताई

ता. क. लहानपणी आईलासुद्धा आपल्या दोघींचा आवाज वेगळा ओळखता यायचा नाही. तेव्हा पहिल्या गाडीने ये. स्वयंपाकघरात उभी राहून फक्त एकदा कडाडायचं, "अहो, चहा गार होतोय!" एवढ्याने त्यांची खात्री पटेल. मी त्यांच्याशेजारी मामा म्हणून बसलेली असेन.

ता. क. आणखी एक. ते माझ्या नावाने हाक मारतील, तेव्हा ओ तू द्यायचीस. सवयीने मीही द्यायला जाईन. मला गप्प कर.