सात महिने बंद

दि. ३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. डाव्या हाताचं अक्षर आता चांगलंच वळणावर आलंय. उजव्याने लिहायचास तेव्हा वाचायला भिंग लागायचं, ते माझ्या धंद्यात असतंच म्हणून निभावलं. फोनचा आग्रह मी धरत नाही. जीभ सुटेल तेव्हा सुटेल.

आता खबर. दुकानमालकाने माझ्यावर दावा लावलाय. त्याच्या मुलाला चपलांचं दुकान वाढवायचंय आणि मधे माझी घड्याळदुरुस्तीची खोली येते. करारात अट आहे की सलग सहा महिने दुकान विनाकारण बंद राहिलं तर जागा परत द्यायची. गेल्या वर्षी ते सात महिने बंद होतं. का, ते तुला सांगायला नको. नवरा गेल्यापासून अठरा वर्षं मी त्याच टेबलाशी बसतेय. ही जागा गेली तर या वयात दुसरीकडे नव्याने गिऱ्हाईक जमवणं माझ्याने होणार नाही.

समोरच्या माडीवर एक वकीलबाई बसतात, त्यांच्याकडे जाऊन आले. बाई हुशार आहेत, पण फार खोदून विचारतात. आमचं जमलं नाही. शिवाय एवढ्याशा खोलीसाठी वकील म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तेव्हा आपला हात जगन्नाथ, मीच उभी राहणार आहे. निवृत्त होऊन गावी जाईपर्यंत तू याच कोर्टाच्या दाराशी एकतीस वर्षं पुकारा केलास. तुझ्या आवाजाने रस्त्यावरचे लोक आपलंच नाव आहे की काय म्हणून थबकायचे. वकिलाशिवाय आलेली माणसं कशी बोलायची, काय चुकायची, ते सगळं मला लिही. तारीख वीसची आहे.

औषध वेळेवर घे. माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझी
बारकी


दि. १० फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी ती एकतीस वर्षं रोज चढलो, तेव्हा माझा सल्ला कितपत घ्यायचा ते तू ठरव.

एक नळवाला आठवतो. गिऱ्हाइकाचं म्हणणं होतं की याने काम केलंच नाही. याने पिशवीतून कुजलेला जुना पाइप काढून टेबलावर ठेवला, चार वाक्यं बोलला आणि जिंकून जेवायच्या वेळेला घरी गेला. आणि एक मास्तर आठवतात. त्यांनी तीन महिने कायद्याची पुस्तकं वाचली. न्यायाधीशांनी विचारलं भिंत कोणत्या साली बांधली, तर हे शेजारधर्म म्हणजे काय तिथपासून सुरू झाले. भिंत खरोखर त्यांच्याच जागेत होती, तरी हरले.

माझ्या मते हिशेब सोपा आहे. आपली बाजू एका वाक्यात मांडता येत असेल, आणि ते वाक्य चारचौघांत म्हणायला आपली हरकत नसेल, तर वकील नको. नाहीतर मुकाट्याने करावा. तुझं वाक्य सरळ आहे. भाऊ आजारी होता, त्याच्याकडे होते. कसला आजार ते सांगत बसू नकोस, त्याची गरज नाही. आणि तुझी खोड मला ठाऊक आहे, एक विचारलं की तीन सांगतेस. विचारतील तेवढंच बोल.

वकीलबाईंनी असं काय खोदून विचारलं की तू उठूनच आलीस? ते मात्र तू लिहिलं नाहीस.

मी बरा आहे. सकाळी आरशासमोर उभा राहून अर्धा तास मोठ्याने वाचतो. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं लोकांना किती सहज जमतं, याचा आता हेवा वाटतो.

काळजी करू नकोस. आशीर्वाद आहेतच.

तुझा
दादा


दि. २१ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल जाऊन आले. तू म्हणालास तसं कमी बोलले. जरा जास्तच कमी बोलले.

लेखी उत्तरात मी घरगुती कारण असं लिहिलं होतं. न्यायाधीशांनी विचारलं, म्हणजे काय? मी म्हटलं, घरातलं आजारपण. कोणाचं, कसलं, आणि त्या काळात तुम्ही तिथेच होतात हे सांगणारं कोणी आहे का? यावर मी म्हटलं की ते खासगी आहे, सांगता येणार नाही. मालकाचा वकील हसू दाबत कागद चाळत राहिला. तो म्हणतो की मी धंदा मोडून भावाकडे कायमची राहायला गेले होते आणि तिथे करमलं नाही म्हणून परत आले. न्यायाधीश माणूस भला वाटला. ते म्हणाले, न सांगितलेलं कारण कोर्टाला मोजता येत नाही, तुम्ही वकील करा. पुढची तारीख अठरा मार्च आहे.

बाकी कोर्ट होतं तसंच आहे. तुझ्या जागी आता लाउडस्पीकर आहे. त्यातून नाव असं उमटतं की तिघं उभी राहतात आणि चौथ्याचं निघतं. मोठे कारकून भेटले. तुझी फार आठवण काढत होते. अजून आवाज तसाच खणखणीत आहे ना, असं विचारलं. मी म्हटलं, अगदी तसाच.

वकील मात्र मी करणार नाही. कारण विचारू नकोस.

दोन ओळी तरी पाठव, वाट बघते.

तुझी
बारकी


दि. २७ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

कारण विचारत नाही, कारण ते मला कळलं. जीभ जड झाली म्हणून डोकं जड झालेलं नाही.

तुझ्या वकीलबाईंना मी पत्र घातलं आणि त्यांचं उत्तरही आलं. त्यांनी तुला सांगितलं होतं की दवाखान्याचे कागद आजार दाखवतात, सेवा कोण करत होतं ते दाखवत नाहीत. घरात दोघंच होतो. त्यामुळे भावाला साक्षीला यावं लागेल, आणि लेखी देऊन भागणार नाही, समोरचा वकील उलट प्रश्न विचारणार. हे ऐकून तू उठून आलीस आणि मला लिहिलंस की बाई खोदून विचारतात. वकील केला तर त्या मला बोलावणार, म्हणून वकीलच नको. अशी चूक आपल्याच घरात होऊ शकते.

दोष माझा आहे. पक्षाघाताच्या झटक्यानंतर चौथ्या महिन्यात डाव्या हाताने लिहिता यायला लागलं तेव्हा पाटीवर लिहून मी तुझ्याकडून शब्द घेतला होता की कोर्टातल्या कोणालाही हे कळता कामा नये. परवाही तुला सल्ला देताना कसला आजार ते सांगू नकोस असं लिहून मोकळा झालो. तुझ्या दुकानापेक्षा मला माझ्या आवाजाची अब्रू जड वाटली. याची लाज वाटते, ती सांगून टाकतो.

अठराला मी येतोय. भीती वाटते. त्या दाराशी मी एकतीस वर्षं उभा राहिलो, आणि आता तिथे माझं स्वतःचं नाव सांगायला मला किती वेळ लागेल, ते मी घड्याळ लावून पाहिलंय. तू हो म्हण किंवा नको म्हण.

आशीर्वाद.

दादा


दि. ५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नको म्हणते. तू तिथे अडखळणार आणि तो वकील कागदाआड हसणार, हे मला बघवणार नाही. त्यापेक्षा दुकान गेलेलं चालेल. टेबल घरात लावीन, येतील तेवढी गिऱ्हाइकं येतील. दिलेल्या शब्दाचं ओझं मला झालेलं नाही. तू येऊ नकोस.

रागावू नकोस, एवढंच मागणं.

बारकी


दि. ११ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ.

सतराला दुपारच्या बसने पोचतो. वकीलबाईंना कळवलंय, त्यांच्याकडे जाऊन वकीलपत्रावर सही कर. लहानपणापासून तू माझं एक ऐकलं नाहीस, आता मीही तुझं ऐकत नाही.

भेटीअंती बोलूच. तू बोल, मी ऐकेन.

दादा


दि. ९ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आज निकाल लागला. दुकान राहिलं. वकीलबाईंनी ऑफिस बंद करून स्वतः येऊन सांगितलं. मालकाचा चपलावाला मुलगा नंतर येऊन म्हणाला, आमच्या भिंतीवरचं घड्याळ मागे पडतंय, बघाल का? बघते म्हटलं.

साक्ष झाली आणि तू दुसऱ्याच दिवशी गेलास, त्यामुळे त्या दिवसाबद्दल आपलं बोलणंच झालं नाही. मी मागच्या बाकावर होते. तुला दिसलं नसेल ते लिहिते.

तू नाव सांगायला सुरुवात केलीस तेव्हा मोठे कारकून लिहायचे थांबले आणि मान खाली घालून बसले. समोरचा वकील तुझी वाक्यं पुरी करायला लागला. दोनदा तू ऐकून घेतलंस. तिसऱ्यांदा हात वर केलास आणि ते वाक्य पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू केलंस. न्यायाधीशांनी त्याला सांगितलं की साक्षीदाराचं उत्तर साक्षीदारच देईल, लागेल तेवढा वेळ घेऊ द्या. त्यानंतर कोणी मधे बोललं नाही. कोणी हसलंही नाही, दादा. मी उगीच एवढे दिवस घाबरत होते.

मग त्याने विचारलं, की सात महिने तुमची बहीण तिथे रोज करत काय होती? त्याला वाटलं असेल तू गडबडशील. तू सांगत गेलास. पहिला महिना चमच्याने पाणी. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. उजवा हात कोमट पाण्यात धरून एकेक बोट उघडायचं. तू म्हणालास, मी चिडून ताट ढकललं ते दोनदा, तिने लादी पुसून दुसरं वाढलं. तिसऱ्या महिन्यात तिचं बोट कापलं होतं, ते माझ्यापासून लपवलं. रोज पेपर वाचून दाखवायची, वाईट बातम्या गाळून. एवढं सांगायला तुला पाऊण तास लागला.

यातलं मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. पहिले तीन महिने तू नुसता डोळे मिटून पडलेला असायचास. मला वाटायचं, मी इथे आहे हेसुद्धा तुला कळत नाही. कापलेलं बोटसुद्धा तुला दिसलं होतं.

लोभ असावा, असं शेवटी लिहायची रीत आहे. तो किती आहे ते तू भर कोर्टात सांगितलंस, आता मागायला माझ्याजवळ तोंड नाही.

तुझी
बारकी